कारभाऱ्याचं पत्र : मायल क्रीक, १८३८

प्रकरण-अभ्यास लिहिताना आपण नावं बदलतो, गावं पुसतो. १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत, मायल क्रीक या गुरांच्या ठाण्यावर घोडेस्वारांनी मूलनिवाशांची कत्तल केली. त्या प्रकरणात तशी गरज नाही. सगळं उघड न्यायालयात झालं, वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि संबंधित माणसं जाऊन शतक उलटून गेलं. तरी या प्रकरणात एक पक्ष आपोआपच अनामिक राहिला आहे, तो म्हणजे मारले गेलेले. कागदोपत्री त्यांची नावं आहेत ती ‘डॅडी’, ‘किंग सँडी’, ‘मार्था’, ‘चार्ली’ अशी, गोऱ्यांनी हाक मारायला ठेवलेली. बहुतेकांना तीही नाहीत. आरोपपत्रात ‘नाव माहीत नसलेला मूलनिवासी’ असा उल्लेख येतो.

व्यवस्थापनाच्या वर्गात मी हे प्रकरण घेतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष मारेकऱ्यांकडे जातं. माझं लक्ष मालकाकडे असतं. त्याच्या हाताला रक्त लागलं नव्हतं, तो घटनास्थळापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर होता, आणि त्याच्याकडे निवड करायला सगळ्यांत जास्त मोकळीक होती.

पार्श्वभूमी

मालकाचं नाव हेन्री डँगर. मराठी कानाला ते धनगरासारखं ऐकू येतं आणि धंदाही जुळतो, पण माणूस कॉर्नवॉलचा. जन्म १७९६. १८२१ मध्ये तो न्यू साऊथ वेल्स वसाहतीत मुक्त नागरिक म्हणून उतरला, म्हणजे बेड्या घालून आणलेला कैदी म्हणून नव्हे. सरकारी मोजणी खात्यात त्याला नोकरी मिळाली. सिडनीच्या उत्तरेकडचं हंटर नदीचं खोरं त्याने साखळी टाकून मोजलं, कोणाला कुठे जमीन द्यायची याच्या रेघा आखल्या.

मोजणीदाराला चांगली जमीन कुठे आहे ते सगळ्यांच्या आधी कळतं. हे आपल्याकडे सांगायला नको. एका जमिनीच्या वादात सरकारी पदाचा खाजगी फायद्यासाठी वापर केल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि १८२७ मध्ये नोकरी गेली. दुसरा एखादा तिथे संपला असता. डँगर इंग्लंडला गेला, तिथे हंटर खोऱ्याची नकाशासह मार्गदर्शिका छापली आणि १८३० मध्ये ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीचा मोजणीदार होऊन परत आला. या कंपनीला दहा लाख एकर जमीन मिळायची होती. ती कुठली घ्यावी हे शोधत तो लिव्हरपूल प्लेन्सच्या गवताळ पठारांपर्यंत पोचला. १८३३ मध्ये कंपनी सोडून सिंगलटनजवळ ‘नियट्सफील्ड’ या आपल्या जमिनीवर स्थिरावला. गुरं वाढली, मेंढरं वाढली, आणि कुरणं उत्तरेकडे सरकत गेली.

सरकारने वसाहतीची हद्द एकोणीस काउंट्यांपुरती, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांपुरती, आखली होती. त्यापलीकडे वस्ती करायची नाही असा नियम होता, आणि तो कोणी पाळत नव्हतं. शेवटी १८३६ मध्ये सरकारने वर्षाला दहा पौंडांचा परवाना काढला. तो घ्या आणि हद्दीबाहेर हवी तेवढी गुरं चारा. अशा लोकांना ‘स्क्वॉटर’ म्हणत. आज शहरात झोपडपट्टीवाल्यांना लावतात तोच शब्द, पण तिकडे तो हळूहळू श्रीमंतीचा झाला. जमीन त्यांच्या मालकीची नव्हती, सरकारनेही ती कोणाकडून विकत घेतलेली नव्हती. गमिलराय लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना विचारलं गेलं नाही. गुरं आली की पाणवठे तुडवले जात, शिकार पळून जाई. मग गुरं भाल्यांनी मारली जात, एखादा गुराखी मारला जाई, आणि मग बंदुका निघत.

डँगरचं मायल क्रीक हे याच पट्ट्यातलं गुरांचं ठाणं. हल्लीच्या बिंगारा गावाजवळ, ग्वायडर नदीच्या खोऱ्यात. मालक तिथे राहत नसे. विल्यम हॉब्स हा तरुण कारभारी सगळं बघे. हाताखाली नेमून दिलेले कैदी, म्हणजे शिक्षा भोगत असताना सरकारने खाजगी मालकाकडे कामाला लावलेली माणसं. पगार नाही, अन्न आणि कपडे मालकाचे. त्यात दोघे या प्रकरणात महत्त्वाचे आहेत. चार्ल्स किलमाइस्टर हा गुराखी. जॉर्ज अँडरसन हा झोपडी सांभाळून स्वयंपाक करणारा, जन्मठेपेचा कैदी.

मे १८३८ च्या सुमारास विरायराय लोकांची (गमिलरायांचाच एक गट) एक टोळी मायल क्रीकवर येऊन राहिली. त्यांना बोलावून आणण्यात किलमाइस्टरचा पुढाकार होता. संध्याकाळी तो त्यांच्यात बसून गाणी म्हणे, नाचे. हॉब्सने राहू दिलं. आसपासच्या भागात गोरे गुराखी घोड्यांवरून मूलनिवाशांना हुडकत फिरत होते. इथे आपण सुरक्षित आहोत असं त्या टोळीला वाटलं असणार.

प्रसंग

जूनच्या पहिल्या आठवड्यात हॉब्स गुरं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला गेला. १० जूनला, रविवारी, शेजारच्या ठाण्यावरचा कारभारी टोळीतल्या दहाएक धडधाकट पुरुषांना झाडांची साल काढायच्या कामाला घेऊन गेला. छपरांसाठी ती साल लागे. मागे राहिल्या बायका, मुलं आणि म्हातारे.

दिवस कलायला आला तेव्हा बंदुका, पिस्तुलं आणि तलवारी घेऊन घोडेस्वार आले. त्यांचा पुढारी जॉन फ्लेमिंग, एका जमीनदाराचा मुलगा. बाकीचे कैदी किंवा शिक्षा संपवलेले कैदी. टोळीतले लोक धावत अँडरसनच्या झोपडीत शिरले आणि मदतीसाठी ओरडू लागले. घोडेस्वारांनी त्यांना बाहेर काढून एका लांब दोरीला बांधलं. यांचं काय करणार, असं अँडरसनने विचारलं. डोंगरामागे नेऊन भीती दाखवणार, असं उत्तर आलं. किलमाइस्टरने आपला घोडा काढला आणि तोही निघाला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर नाचला, त्यांच्याच मागे.

एक लहान मूल आईच्या मागे जाऊ लागलं होतं. अँडरसनने त्याला धरलं आणि झोपडीत ठेवलं. दोन मुलं ओढ्यात उडी मारून निसटली. थोड्या वेळाने अँडरसनला लागोपाठ दोन गोळ्यांचे आवाज आले. दोनच. बाकीचं तलवारींनी झालं. दुसऱ्या दिवशी ते घोडेस्वार एकटेच परतले आणि नंतर जळती लाकडं घेऊन प्रेतं जाळायला गेले.

सुमारे २८ माणसं मारली गेली.

हॉब्स परतल्यावर टोळी कुठे गेली, असं त्याने विचारलं. मिळालेली उत्तरं त्याला पटली नाहीत. याच ठाण्यावर काम करणारा यिंतायिंतिन नावाचा मूलनिवासी तरुण होता, गोरे त्याला डेव्ही म्हणत. हॉब्स त्याला घेऊन माग काढत निघाला. घटनेच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे माग स्वच्छ उमटला होता. दोन्ही बाजूंना घोड्यांचे खूर, मधे अनवाणी पावलं, त्यात लहान मुलांचीही. अर्ध्या मैलावर ती पावलं संपत होती. परतीच्या वाटेवर फक्त खुरांचे ठसे होते.

हॉब्सने अर्धवट जळलेली डोकी मोजायचा प्रयत्न केला. न्यायालयात त्याने सांगितलं की कधी वीस भरायची, कधी अठ्ठावीस, नक्की सांगता येणार नाही. पुढे बचाव पक्षाने या अनिश्चिततेवरच बोट ठेवलं. मला मात्र त्या वाक्यातून तिथे उभा असलेला माणूस दिसतो.

कोणासमोर कोणते पर्याय होते

आधी हॉब्स. गप्प राहणं हा त्या मुलखाचा शिरस्ता होता. याच वर्षी २६ जानेवारीला वॉटरलू क्रीकवर मेजर नन यांच्या घोडदळाने मूलनिवाशांची कत्तल केली होती आणि कोणावर खटला झाला नव्हता. सरकारी पलटणीला कोणी विचारत नाही, तिथे एका कारभाऱ्याला कोण विचारणार? किलमाइस्टरने त्याला वरिष्ठांना कळवू नका म्हणून विनवलं. शेजारच्या ठाण्यांवरची माणसं यात गुंतली होती, म्हणजे उद्या हरवलेलं गुरू शोधायलाही ज्यांची मदत लागणार तीच. दुसरा पर्याय होता फक्त मालकाला कळवून हात झटकायचे. तिसरा म्हणजे दंडाधिकाऱ्याला कळवायचं. त्याने मालकाला कळवलं आणि मसलब्रूकचे दंडाधिकारी एडवर्ड डेनी डे यांनाही पत्र धाडलं. दरम्यान फ्रेडरिक फूट नावाच्या शेजारच्या वसाहतकऱ्याने घोडा दामटत सिडनी गाठली आणि थेट सरकारदरबारी खबर दिली.

आता डँगर. इथे थांबायला हवं, कारण वर्गात सगळ्यांत जास्त वाद इथेच होतो.

पत्र हातात पडलं तेव्हा त्याला काय काय माहीत होतं? आपल्या कुरणावर माणसं मारली गेली. आपला एक नोकर त्यात होता. आपल्याच कारभाऱ्याने ते लेखी कळवलं. बाकीचे मारेकरी शेजाऱ्यांचे नोकर. बंगल्याबंगल्यांतून मालक लोक म्हणत होते की कैद्यांना फाशी दिली तर उद्या गुरं राखायला कोणी तयार होणार नाही. मजुरांची चणचण खरीच होती. कैदी कामाला देण्याची पद्धत बंद होणार अशी कुणकुण होती. (१८३७ मध्ये जॉन मॅके नावाच्या व्यापाऱ्याने गुरं-मेंढरं राखायला कलकत्त्याहून छोटा नागपूरकडचे चाळीसेक मजूर सिडनीला नेले. कागदांत त्यांना ‘धांगर’ म्हटलं आहे. ते आपले धनगर नव्हेत, पण डँगरच्या मुलखात धांगर गेले हा योगायोग गमतीचा.)

एक मार्ग होता कारभाऱ्याच्या पाठीशी उघड उभं राहण्याचा. ‘माझ्या जमिनीवर हे चालणार नाही’ म्हणायचं आणि अँडरसनला संरक्षण द्यायचं. त्याची किंमत शेजाऱ्यांशी वैर. दुसरा तटस्थ राहण्याचा: चौकशी सरकारची, मी विचारलं तेवढं सांगीन. यात फारसं नुकसान नव्हतं. कोणी त्याला दोष दिला नसता. तिसरा मार्ग आरोपींच्या बाजूने उभं राहण्याचा.

मधला मार्ग इतका सोपा असताना त्याने तिसरा का धरला, हे विचारलं की वर्ग थोडा शांत होतो.

काय केलं गेलं

गव्हर्नर जॉर्ज गिप्स फेब्रुवारीत नुकतेच आले होते. मूलनिवासी हेही राणीचे प्रजाजन आहेत आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, अशी लंडनची भूमिका होती. गिप्सनी डे यांना घोडेस्वार पोलीस घेऊन पाठवलं. डे ५३ दिवस त्या मुलखात फिरले, साक्षी घेतल्या आणि बारापैकी अकरा जणांना पकडलं. बारावा, पुढारी फ्लेमिंग, निसटला. त्या टोळीत जन्मतः मुक्त आणि घरचा सधन असा तोच एकटा होता.

हंटर खोऱ्यातल्या जमीनदारांनी वर्गणी काढली. पुढाकार रॉबर्ट स्कॉट यांचा, जे स्वतः दंडाधिकारी होते. तीनशे पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि त्यातून तीन नामांकित वकील उभे राहिले. स्कॉट तुरुंगात जाऊन आरोपींना भेटले आणि एकजूट ठेवा, कोणी फुटू नका, असा सल्ला दिला. अकरापैकी एक जरी माफीचा साक्षीदार झाला असता तरी प्रकरण दोन दिवसांत उलगडलं असतं. कोणी झाला नाही.

या निधीला पैसे देणाऱ्यांत डँगर होता.

पहिला खटला १५ नोव्हेंबरला मुख्य न्यायाधीश जेम्स डाउलिंग यांच्यासमोर उभा राहिला. सरकारतर्फे महाधिवक्ता जॉन ह्यूबर्ट प्लंकेट. प्रत्यक्ष वार करताना पाहिलेला साक्षीदार नव्हता. डेव्हीला दिसलं होतं, पण ख्रिस्ती शपथ घेता येत नसल्याने त्याची साक्ष कायद्याला चालत नव्हती. म्हणजे सगळा भार अँडरसनवर. त्याने दोरी, घोडे, दोन गोळ्यांचे आवाज, जळती लाकडं, सगळं सांगितलं. उलटतपासणीत तो डळमळला नाही.

मग बचाव पक्षाने डँगरला उभं केलं. मालकाने आपल्याच नोकराविरुद्ध साक्ष दिली. अँडरसन खोटारडा आहे, शपथेवरसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं त्याने सांगितलं. किलमाइस्टर मात्र चांगल्या वागणुकीचा. बचावासाठी वर्गणी दिल्याचं त्याला सरकारी वकिलापुढे कबूल करावं लागलं.

या साक्षीत एक चलाखी आहे. खून झाले नाहीत असं डँगर म्हणत नाही, कारण ते म्हणता आलं नसतं. तो फक्त सांगणाऱ्याची लायकी काढतो. तक्रार खोडता येत नसेल तर तक्रारदार खोडायचा, ही पद्धत आजही कुठल्याही कार्यालयात चालते. चौकशी समितीसमोर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि तक्रार करणाऱ्याच्या रजा मोजल्या जातात.

डाउलिंग यांनी ज्यूरीला बजावलं की मारलेला माणूस काळा की गोरा, याने कायद्याला फरक पडत नाही. ज्यूरी आत गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत परतली. सगळे निर्दोष. न्यायालयात टाळ्या झाल्या.

दुसरी खेळी

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. प्लंकेट यांनी ते मिटू दिलं नाही. पहिल्या खटल्यातला आरोप पुरुषांच्या खुनाचा होता, मुख्यतः ‘डॅडी’ या धिप्पाड म्हाताऱ्याच्या. जळालेलं प्रेत त्याचंच, हे सिद्ध करण्यात खटला अडला. बायका आणि मुलांच्या खुनाचा आरोप लावणं अजून बाकी होतं. आरोपींना सोडू नये, नवा आरोप ठेवायचा आहे, असं प्लंकेट यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

या वेळी अकरांतले सातच उभे केले. चार मागे ठेवले ते एक तरी फुटेल या आशेने. आरोप एका मुलाच्या खुनाचा. एकदा सुटलेल्यांवर पुन्हा खटला कसा, हा बचाव पक्षाचा आक्षेप टिकला नाही, कारण मेलेली व्यक्ती वेगळी होती. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायमूर्ती विल्यम बर्टन यांच्यासमोर हा खटला चालला.

ज्यूरी पाऊण तासाने आली. प्रमुखाने ‘निर्दोष’ म्हटलं. लगेच दुसरा एक सदस्य उठला आणि म्हणाला, चूक झाली, आमचा निर्णय तो नाही. दुरुस्ती झाली: दोषी.

बाहेर गहजब उडाला. ‘सिडनी हेरल्ड’ने सरकारवर टीकेची झोड उठवली, काळ्यांपायी इतका खर्च आणि इतका खटाटोप कशाला, असा एकंदर सूर. दयेचे अर्ज आले. गिप्सनी ते फेटाळले. तुरुंगात त्या सातांनी गुन्हा नाकारला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की काळ्यांना मारण्यासाठी गोऱ्यांना फाशी होते हे फार कठोर आहे. पूर्वी असं किती वेळा झालं आणि कोणी काही विचारलं नाही! त्यांच्या या बोलण्यावर माझा विश्वास बसतो. त्यांच्या मालकांनीच त्यांना हे इतकी वर्षं न बोलता शिकवलं होतं.

१८ डिसेंबर १८३८ रोजी सातही जणांना सिडनीच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यात किलमाइस्टर होता.

कोणाचं काय झालं

हॉब्सची नोकरी गेली. डँगरने त्याला ठेवलं नाही.

फ्लेमिंग कधीच सापडला नाही, असं म्हणण्यापेक्षा त्याला कोणी शोधलं नाही असं म्हणावं. हॉक्सबरी भागात तो प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून जगला आणि १८९४ मध्ये वारला. स्कॉट यांना गिप्सनी दंडाधिकाऱ्यांच्या यादीतून काढलं. वर्गणीदारांपैकी एवढी झळ पोचलेला दुसरा कोणी मला आठवत नाही.

डँगरला तर नाहीच. त्याची कुरणं वाढत तीन लाख एकरांच्या वर गेली. चाळीसच्या दशकात गुरांचे भाव पडले तेव्हा त्याने न्यूकॅसलजवळ मांस टिकवून डब्यात भरण्याचा कारखाना काढला. त्याच्या धंद्याच्या डोक्याबद्दल वाद नाही. १८४५ मध्ये तो नॉर्थम्बर्लंड काउंटीतून विधान परिषदेवर निवडून आला आणि १८५१ पर्यंत सभासद राहिला. मतदार जमीनजुमलावालेच होते, त्यामुळे १८३८ ची साक्ष त्याच्या आड आली नाही. उलट थोडी उपयोगीच पडली असावी. १८६१ मध्ये तो वारला.

त्या काळातलं एक विधेयक इथे सांगायला हवं. मूलनिवाशांना ख्रिस्ती शपथेशिवाय साक्ष देता यावी म्हणून मायल क्रीकनंतर लगेच, १८३९ मध्ये, कायदा करण्याचा प्रयत्न झाला, तो लंडनमध्ये नामंजूर झाला. मग १८४४ आणि १८४९ मध्ये तो विधान परिषदेत आला आणि दोन्ही वेळा पडला. परिषदेत कुरणवाल्यांचा जोर होता. १८४९ च्या परिषदेत डँगर सभासद होता. न्यू साऊथ वेल्समध्ये अशी साक्ष चालू लागली ती १८७६ मध्ये.

फाशीचा परिणामही लोकांना वाटतो तसा सरळ झाला नाही. हत्या थांबल्या नाहीत, त्यांचा गाजावाजा थांबला. पिठात विष घालण्यासारखे मार्ग वाढले. साक्षीदार ठेवायचा नाही, हे लोक मायल क्रीकवरून शिकले.

काय वेगळं करता आलं असतं

वर्गात बहुतेक जण हॉब्सपासून सुरुवात करतात. पत्र आणखी लवकर जायला हवं होतं, आणि मालकाआधी दंडाधिकाऱ्याला. मला हे अर्धंच पटतं. नोकरी ज्याच्या हातात त्याला न कळवता परस्पर सरकारकडे जाणं, तेही जवळपास कोणी पाठीराखा नसताना, हे बोलायला सोपं आहे. पण एक खरं, मालकाकडे गेलेलं पत्र तिथेच थांबू शकलं असतं. ते थांबलं नाही, याचं श्रेय दुसऱ्या प्रतीला आणि फूटच्या घोड्याला आहे. कागद दोन ठिकाणी गेला की तो एका खणात बंद करता येत नाही.

प्लंकेट यांनी पहिल्या खटल्यातच मुलांच्या खुनाचा आरोप ठेवला असता तर? अनेकांना तसं वाटतं. माझं मत उलट आहे. सगळे आरोप एकदम ठेवले असते तर पंधरा मिनिटांत सगळेच उडाले असते आणि हातात काही उरलं नसतं. त्यांनी ते मुद्दाम राखून ठेवले की ओघात तसं झालं, हे बाजूला ठेवलं तरी त्या आरोपांनीच दुसरी संधी दिली.

आणि डँगर. त्याला वेगळं वागता आलं असतं का, यावर एक प्रशिक्षणार्थी म्हणाला होता, ‘‘सर, त्या काळात सगळेच तसे होते.’’ मी त्याला हॉब्सचं वय आणि पगार विचारला. मग अँडरसनची शिक्षा विचारली. तोच काळ, तेच कुरण. ज्याच्याकडे गमावण्यासारखं सगळ्यांत कमी होतं तो जन्मठेपेचा कैदी भर न्यायालयात उभा राहून आपल्या मालकाच्या मित्रांविरुद्ध बोलला, आणि ज्याचं काहीच जाणार नव्हतं तो त्याला खोटारडा ठरवायला उभा राहिला. डँगरला तटस्थ राहता आलं असतं एवढंच माझं म्हणणं आहे. त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा मी करत नाही. घरी बसला असता तरी चाललं असतं.

मागे ठेवलेल्या चौघांवर १८३९ च्या सुरुवातीला खटला चालायचा होता. त्यांच्यापैकी कोणी फुटलं नव्हतं, त्यामुळे सरकारची भिस्त पुन्हा डेव्हीवर आली. त्याला शपथेचा अर्थ शिकवायचा आणि पिंजऱ्यात उभं करायचं, असा विचार होता. पावसाने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं कुठे संपतात हे त्याने हॉब्सला दाखवलं होतं. पण तो सापडलाच नाही, आणि चौघांना सोडून दिलं गेलं.